खुंटीवरचा ‘येतो’

आपल्यात निघताना ‘जातो’ म्हणायची रीत नाही. माणूस काशीला निघालेला असो की कोपऱ्यावर काडेपेटी आणायला, उंबऱ्यात वहाण सरकवताना त्यानं ‘येतो’च म्हणायचं. वसुमतीचा थोरला भाऊ विद्याधर या बाबतीत फार पक्का होता. घरातून निघताना तर तो म्हणायचाच, पण संध्याकाळी गणनकेंद्रातलं ते कपाटांएवढं यंत्र बंद करतानाही म्हणायचा. लोक हसायचे. मग होसकोटेच्या रस्त्यावर बस उलटली, विद्याधर गेला, आणि हसणं थांबलं. कारण त्यानंतर रोज सकाळी यंत्र सुरू केलं, की त्याच्या टाइपरायटरवर पहिली ओळ उमटायची: अनोळखी शब्द — येतो.

ही १९६६ सालची गोष्ट. बेंगळूरात तेव्हा अशी यंत्रं बोटांवर मोजण्याइतकी होती, आणि ती पाहायला लोक पायताण बाहेर काढून येत. दिवसाचा पहिला प्रोग्राम कुणाचाही असो, पुलाच्या कमानीचा असो की ग्रहणाच्या गणिताचा, भोकं पाडलेली कागदी टेप आत सरकली की यंत्र आधी ‘येतो’ची तक्रार करायचं आणि अडून बसायचं. टेप काढून पुन्हा लावली की मुकाट्यानं काम करायचं. प्रोग्राम लिहिणारा शपथेवर सांगायचा, की असा शब्द मी लिहिलेला नाही. आणि ते खरंच असायचं.

यंत्र चालवायचं काम फत्तेसिंगरावांकडे होतं. तीनशे वर्षांपूर्वी घोड्यावर बसून या मुलखात आलेल्या मराठ्यांचा हा वंशज विजेच्या झटक्याला भीत नसे, पण त्या एका ओळीला भ्यायचा. दसऱ्यातल्या आयुधपूजेला त्यांनी यंत्रापुढे कोहळा फोडला, टाइपरायटरखाली लिंबू ठेवलं. लिंबू सुकून खडा झालं तरी ‘येतो’ काही जाईना.

“अक्का, हे धाकटे स्वामी आहेत,” ते वसुमतीला हळू आवाजात म्हणायचे. केंद्राच्या प्रमुखांना ते थोरले स्वामी म्हणायचे आणि विद्याधरला धाकटे. “शब्द पाळायला येतात. त्यांना अडवू नये.”

वसुमती गणितात एम.एस्सी. झालेली. भावाच्याच हाताखाली शिकून त्याच केंद्रात लागलेली. भुताखेतांवर तिचा विश्वास नव्हता. पण रोज सकाळी टाइपरायटरचे दांडे खटखटू लागले, की तिच्या मानेवर काटा यायचा आणि तो यावा असंही तिला वाटायचं. हे दुसरं ती कुणाला सांगत नसे.

केंद्राचे प्रमुख विश्वेश्वर राव यांना यातलं काहीच नको होतं. त्यांनी तिला खोलीत बोलावलं. “दिल्लीहून मंडळी येताहेत. आपला कंपायलर त्यांना स्वतःच्या हातानं चालवून बघायचाय. पहिल्याच ओळीला यंत्र येतो-जातो करायला लागलं, तर आपल्याला गाशा गुंडाळावा लागेल. पार्सर विद्याधरनं लिहिला. तो तुलाच कळेल. नीट कर.”

नीट कर म्हणणं सोपं असतं. कंपायलर म्हणजे माणसानं लिहिलेलं यंत्राच्या आकड्यांत उतरवणारा दुभाष्या. पार्सर हा त्या दुभाष्याचा कान. एकेक शब्द ऐकायचा आणि वाक्यात त्याची जागा कुठली ते ठरवायचं, एवढंच त्याचं काम. पण कधीकधी पुढचा शब्द ऐकल्याशिवाय आधीच्याचा अर्थ लागत नाही. म्हणून विद्याधरनं स्मृतीत एक घर राखून ठेवलं होतं. तिथं पुढचा शब्द आधीच ऐकून टांगून ठेवायचा, आणि ज्याला हवा त्यानं काढून घ्यायचा. या घराला तो ‘खुंटी’ म्हणायचा. पार्सरमधल्या वीस-पंचवीस रूटीन, म्हणजे एकेक काम करणारे प्रोग्रामचे तुकडे, त्या एकाच खुंटीवर टांगायच्या आणि तिच्यावरूनच काढायच्या. एकत्र कुटुंबात दाराजवळच्या खुंटीचं जे होतं तेच इथं झालं. कोण टांगून गेला, कोण काढून घ्यायचा राहिला, कुणाला पत्ता नाही.

‘येतो’चा उलगडा वसुमतीला फार पूर्वीच झाला होता. यंत्र बंद करण्याआधी फत्तेसिंगराव रोज एक तपासणीची टेप चालवत. ती विद्याधरनं पंच केलेली. तिच्या शेवटी ‘समाप्त’ची खूण, आणि त्यापुढे त्याच्या चालीप्रमाणे ‘येतो’. यंत्राला रोमन अक्षरंच यायची, तेव्हा शब्द रोमन अक्षरांत, पण भाषा आपली. समाप्तीनंतर आणखी काही आहे का हे पाहायला पार्सर एक शब्द पुढे ऐकायचा. तो असायचा ‘येतो’. तो खुंटीवर जायचा आणि तिथंच राहायचा. या यंत्राची स्मृती बारीक चुंबकी कड्यांची होती. वीज गेली तरी कड्या विसरत नसत. सकाळी पहिला प्रोग्राम आला, की पार्सर आधी खुंटीवर हात घालायचा.

म्हणजे भूतबीत काही नाही. रात्रभर अंधारात टांगलेला एक शब्द.

तिनं हे फत्तेसिंगरावांना सांगितलं तेव्हा ते स्वल्प विचार करून म्हणाले, “मग भूत वेगळं काय असतं, अक्का?”

टेपचं शेपूट कातरीनं कापलं असतं तरी ती ओळ थांबली असती. वसुमतीनं ते कापलं नाही. फत्तेसिंगरावांनी तर नाहीच. पण खरी भीती त्या ओळीची नव्हतीच. एका प्राध्यापकाच्या प्रोग्रामनं शेवटी एक जादा शब्द टाकला होता. तो खुंटीवर राहिला आणि पुढच्याच माणसाच्या गणितात बेमालूम बसला. यंत्र चकार शब्द बोललं नाही. उत्तर मात्र चुकीचं आलं, आणि ते खरं धरून माणूस घरी गेला. ओरडणारी चूक परवडते. गप्प बसणारी घर बुडवते. शेपूट कापून भागणार नव्हतं, खुंटीच उपटायला हवी होती.

आणि खुंटी उपटायची म्हणजे घरी अम्माला काय सांगायचं, हा प्रश्न होता.

अम्माचं नाव पद्मावती. मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉस रस्त्यामागच्या गल्लीत मायलेकींचं घर होतं. विद्याधर गेल्यावर भेटायला आलेल्या फत्तेसिंगरावांनी भाबडेपणानं तिला सगळं सांगून टाकलं होतं, की धाकटे स्वामी रोज सकाळी ‘येतो’ म्हणतात. त्या दिवसापर्यंत अम्मा रडत होती. त्या दिवशी तिनं डोळे पुसले, चंबू घासला, पाणी भरलं आणि बाहेरच्या कट्ट्यावर नेऊन ठेवला. विद्याधर घरी आला की कट्ट्यावरून ‘आलो’ म्हणायचा आणि अम्मा आतून ओरडायची, “हातपाय धू!” ते पाणी त्याच्यासाठी होतं.

तेव्हापासून चंबू रोज कट्ट्यावर असायचा. वसुमती संध्याकाळी यायची, वहाणा काढायची, “आले” म्हणायची. आतून अम्मा विचारायची, “आज म्हणाला?”

“म्हणाला.”

“हं.” मग अम्माच्या हातातली भांडी पुन्हा वाजायला लागायची.

एकदा पायाला चिखल होता म्हणून वसुमतीनं चंबूला हात लावला. “ते राहू दे,” अम्मा म्हणाली, “त्याचं आहे.” तेव्हापासून ती घराला वळसा घालून मागच्या नळावर पाय धुवायची. अम्मानं तिला जेवायला वाढलं नाही असा एकही दिवस गेला नाही. पण वाढताना तिची नजर दाराकडे असायची, आणि आपण या घरात आलो हे कुणाला कळलंय का, असं वसुमतीला वाटायचं. मेलेल्या भावाचा हेवा वाटणं ही काय चांगली गोष्ट आहे? पण वाटायचा.

वर्षश्राद्ध जवळ आलं. चुलतभाऊ त्रिविक्रम तिथी ठरवायला येऊन गेला. अम्मानं त्याला कॉफी दिली आणि वाटेला लावलं. “येतो म्हणणाऱ्याचं श्राद्ध घालतात का रे? शास्त्रात आहे का असं कुठं?” त्रिविक्रम वसुमतीकडे बघत राहिला. शास्त्रात नव्हतंच तसं.

केंद्रात वसुमतीनं पार्सरची नवी मांडणी सुरू केली. घर तेच, दारं-खिडक्या त्याच, फक्त मधली खुंटी नाही. प्रत्येक रूटीनला तिचा शब्द तिच्या हातात द्यायचा, आणि काम झालं की उरलेला शब्द तिनं बोलावणाऱ्याच्या हातात परत ठेवायचा. वाटेत कुठं टांगायचं नाही, आणि शेवटी जे उरेल ते टाकून द्यायचं. कामातून काम निघत होतं. एक रूटीन शब्द काढून घेते असं वाटावं, तर ती नुसती बघून तिथंच ठेवत होती. दुसरी आधीचा टांगलेला आहे की नाही हे न बघताच वर नवा टांगत होती. “अण्णा, काय रे हे,” ती भावाला मोठ्यानं म्हणायची आणि मग आजूबाजूला बघायची. कागदावर त्याची अक्षरं होती, तिरपी, घाईची. त्याच्या चुका सुधारताना तो आत्ता मागे उभा राहून चिडतोय, असं तिला सारखं वाटायचं.

अशी एकेक करता करता तिला ती रूटीन सापडली. वर्षभरात कुणी वापरली नव्हती. खुंटीवर ‘येतो’ असेल आणि नव्या टेपचा पहिला शब्द त्याचं उत्तर असेल, तर ही रूटीन खुंटी आणि बाकीची सगळी कामाची घरं पुसून स्वच्छ करायची, आणि काहीतरी छापायची. म्हणजे ‘येतो’ हा निष्काळजीपणा नव्हता. तो निम्मा संवाद होता. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन विद्याधर त्याचं उत्तर द्यायचा आणि यंत्राला धुऊन पुसून दिवसाला तयार करायचा. उत्तराची टेप त्याच्या सदऱ्याच्या खिशात असायची. ती होसकोटेच्या रस्त्यावर त्याच्याबरोबरच गेली. तेव्हापासून यंत्र रोज ‘येतो’पाशी येऊन थांबत होतं, पलीकडून कुणी बोलेल म्हणून.

वसुमती कागद पालथा घालून बाहेर आली आणि आवारातल्या आकाशमोगरीखाली बसून खूप रडली. उत्तराचा शब्द काय आणि छापायचा मजकूर काय, सगळं आकड्यांत होतं. ती ते सहज उलगडू शकली असती. तिनं उलगडलं नाही.

त्या संध्याकाळी अम्मानं विचारलं, “आज म्हणाला?”

“म्हणाला. अम्मा, उद्यापासून नाही म्हणणार.”

अम्माच्या हातातली पळी थांबली.

“मला ते काढून टाकायचंय. ते काढल्याशिवाय यंत्र चालणार नाही. आणि ते अण्णा नाही, अम्मा. राहून गेलेला शब्द आहे तो.”

“सगळ्यांनी त्याला गेला म्हटलं,” अम्मा म्हणाली, “एक ते यंत्र तेवढं येतो म्हणतंय. त्याचंही तोंड दाबणार तू? सख्खी बहीण?”

अम्मानं चुलीतली लाकडं मागे ओढली. मग म्हणाली, “मला ने. काढायच्या आधी एकदा बघू दे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी घोड्याच्या जटक्यातून केंद्रावर गेल्या. फत्तेसिंगरावांनी अम्माला खुर्ची दिली आणि स्वतः हात जोडून बाजूला उभे राहिले. अम्मानं कपाटांच्या त्या रांगेकडे पाहिलं आणि पदर खांद्यावरून ओढून घेतला. फत्तेसिंगरावांनी कळ दाबली. पंखे घरघरले. वसुमतीनं पहिली टेप सरकवली आणि दांडे खटखटले.

“काय म्हणतोय?” अम्माला रोमन अक्षरं येत नव्हती.

“येतो.”

अम्मा त्या कागदाला बोटांनी चाचपत राहिली. शाई ओली होती, बोटाला लागली.

फत्तेसिंगरावांनी तपासणीची टेप पुन्हा चालवली, म्हणजे ‘येतो’ पुन्हा खुंटीवर गेला. वसुमती टेप पंच करायला बसली. येतो म्हणून गेलेला माणूस परत आल्यावर काय म्हणतो, यात विचार करण्यासारखं होतंच काय? हा शब्द ती जन्मभर रोज म्हणत आली होती. बोटांनी आपोआप अक्षरं दाबली. टेप आत गेली.

अनोळखी शब्द — येतो, आले.

वसुमती त्या ओळीकडे बघत राहिली. वर्षभर रोज कट्ट्यावर उभं राहून म्हटलेला शब्द कुणीतरी काळ्या शाईत लिहून हातात दिला होता.

“काय झालं?” अम्मानं विचारलं.

“मी आले असं घातलं. त्याला ते ओळखू येत नाही.”

“आले कसं चालेल गं?” अम्मा म्हणाली, अगदी रोजच्या सुरात. “तो काय बाई आहे? तो आलो म्हणेल.”

एका अक्षराचा फरक. आपल्या भाषेत माणूस नुसता येत नाही, बाई येते नाहीतर बुवा येतो. आता वसुमतीला भावाच्या तोंडानं बोलायचं होतं. तिनं तिसरं रोमन अक्षर दाबलं. हा शब्द त्यानं म्हणायला हवा होता. त्याच्या जागी आपण तो म्हटला, की विद्याधर पुन्हा म्हणायला येणार नाही, हे तिला स्वच्छ कळत होतं. फत्तेसिंगरावांनी तपासणीची टेप आणखी एकदा चालवली, मग तिच्या हातातली टेप घेतली, कपाळाला लावली आणि चालवली.

येतो. आलो.

यंत्र स्वल्प थांबलं. आतल्या कपाटांत कुठंतरी, वर्षभर बंद असलेली ती रूटीन एकेक घर पुसत चालली असावी. मग दांडे उठले.

वसुमतीनं वाचलं, आणि पुन्हा एकदा वाचलं.

“काय म्हणतोय?” अम्मा उठून जवळ आली. “सांग ना गं. काय म्हणतोय माझा लेक?”

“हातपाय धू,” वसुमती म्हणाली. “असं लिहिलंय. हातपाय धू.”

पंखे घरघरत राहिले. अम्मानं कागद हातात घेतला, उलटा धरला, सुलटा धरला.

“हे तो नाही म्हणत,” ती शेवटी म्हणाली. “हे मी म्हणते.”

फत्तेसिंगराव भिंतीकडे तोंड करून उभे होते.

“इथंही मलाच घेऊन आला होता होय रे,” अम्मा कागदाला म्हणाली. “आणि मी वर्षभर समजतेय तू बोलतोस.” तिनं कागदाची घडी केली, कमरेला खोचली आणि डोळे कोरडे असताना पदरानं पुसले. “आता परत म्हणेल?”

“नाही, अम्मा.”

“सरी. बरं,” अम्मा म्हणाली. फत्तेसिंगराव तिला जटक्यापर्यंत सोडायला गेले.

दिवसभरात वसुमतीनं नवा पार्सर चढवला. खुंटीचं घर आता कुणाच्याच मालकीचं नव्हतं. प्राध्यापकाचा तो जादा शब्दाचा प्रोग्राम आधी चालवला, पुढच्याचं उत्तर बरोबर आलं. संध्याकाळी फत्तेसिंगरावांनी जुनी तपासणीची टेप हातात घेऊन विचारलं, “अक्का, ही लावायची?”

“लावा. नेहमीसारखी.”

यंत्रानं टेप वाचली, शेवटचा ‘येतो’ ऐकला आणि सोडून दिला. तिनं वीज बंद करून पुन्हा सुरू केली, एक प्रोग्राम घातला. टाइपरायटरनं थेट उत्तर छापलं, त्याच्यावर कोरा कागद. दिल्लीकरांनी आता खुशाल यावं. फत्तेसिंगरावांनी टाइपरायटरखालचं वाळकं लिंबू काढून खिशात टाकलं. वसुमतीला त्या कोऱ्या जागेकडे बघवेना. ती दाराशी आली, आत वळून बघितलं, आणि सवयीनं ‘येते’ म्हणाली.

संपिगे रोडवर दिवे लागले होते. तिला घरी जायचीच भीती वाटत होती. गल्लीत वळल्यावर तिनं आधी कट्टा पाहिला. चंबू तिथंच होता, भरलेला. म्हणजे काहीच बदललं नव्हतं. तिनं वहाणा काढल्या, कुणीही ऐकत नसताना म्हणायची सवय झालेला तो शब्द म्हटला, “आले”, आणि मागच्या नळाकडे जायला वळली.

“आलीस?” अम्मा दारात येऊन उभी राहिली. तिच्या बोटाला सकाळची शाई तशीच होती. “त्रिविक्रमाला बोलावलं होतं. तिथी ठरली.”

वसुमतीनं मान हलवली. अम्मा तिच्या धुळीनं माखलेल्या पायांकडे बघत होती, फार दिवसांनी बघितल्यासारखी.

“आणि मागे कुठं निघालीस अंधारात? हातपाय धू. चंबू आहे की तिथं.”

वसुमती खाली बसली आणि तिनं चंबू उचलला. पाणी दुपारच्या उन्हानं कोमट झालं होतं.